पडताळ्यांची प्रॉमिसं

पडताळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. ऑफिसात सगळे त्यांना पडताळे म्हणत, कारण हा गृहस्थ कशावरही तपासून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसे. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. पडताळे कुलूप ओढून बघत, जिना उतरत, पुन्हा वर चढत आणि मघाशी ओढलं ते आपल्याच दाराचं होतं ना, याची खात्री करून येत. कोणी त्यांना ‘आज छान दिसताय’ म्हणालं तर ते आभार मानण्याआधी मागे वळून पाहत. मागे कोणी नसलं तर आणखीच अस्वस्थ होत.

अशा माणसाच्या हाती प्रॉमिस नावाचा प्रकार सोपवायचा, ही कल्पना साहेबांची.

त्यांची कंपनी दातांच्या एका मोठ्या दवाखान्यासाठी अ‍ॅप चालवत असे. दात दुखणाऱ्या माणसाने मोबाइलवर हवी ती वेळ निवडायची, अ‍ॅपने दवाखान्याच्या सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर आलं की त्या माणसाला निरोप पाठवायचा. एवढंच काम. पण ते ज्या प्रोग्रॅममधून चालायचं तो फार जुना होता आणि सगळा कॉलबॅकवर उभा होता. कॉलबॅक म्हणजे सर्व्हरला सांगून ठेवायचं, की बाबा रे, तुझं काम झालं की मला ह्या ठिकाणी हाक मार. एक हाक आली की त्यातून दुसरं काम निघायचं, दुसऱ्या हाकेतून तिसरं. एकाच्या पोटात एक अशा हाका लिहीत गेल्याने तो सगळा मजकूर उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनबाहेर पडायच्या बेतात आला होता. वाचताना मान वाकडी होई.

“हे सगळं प्रॉमिसमध्ये गुंडाळून टाका,” साहेब म्हणाले. “किरकोळ काम आहे.”

‘किरकोळ’ हा शब्द ऐकताच पडताळ्यांचे कान उभे राहिले. आजवर साहेबांनी ज्या ज्या कामाला किरकोळ म्हटलं होतं, त्या प्रत्येक कामात कोणीतरी आजारी पडलं होतं. शिवाय हे काम आपल्यालाच का? पलीकडच्या टेबलावरच्या टेस्टर मॅडम नेमक्या त्याच वेळी स्क्रीनकडे बघून हसल्या, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मॅडम भाचीचे फोटो बघत होत्या. पण ते पडताळ्यांना कोण सांगणार?

तसं प्रॉमिस समजायला अवघड नाही. लॉन्ड्रीत कपडे टाकले की एक पावती मिळते. त्या पावतीच्या बदल्यात एक तर इस्त्री केलेला शर्ट मिळतो, नाही तर ‘शर्ट जळाला’ असा खुलासा मिळतो. दोन्हींपैकी एकच, आणि तोही एकदाच. जुन्या कॉलबॅकवाल्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या तेवढ्या तुकड्याला, बाहेरून असं प्रॉमिसचं कव्हर घालायचं, म्हणजे आतला सगळा गोंधळ तसाच राहतो, पण बाहेरून वाचणाऱ्याला वरून खाली सरळ वाचता येतं. उशाला अभ्रा घालण्यासारखं आहे. आतला कापूस कितीही गोळे झालेला असो, वरून सगळं स्वच्छ दिसतं.

पडताळ्यांनी कापूस चाचपायला सुरुवात केली. सगळ्यात आतल्या हाकेपाशी त्यांना एक ओळ सापडली. हा प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ नोकरी सोडून कधीच गेला होता. ऑफिसात त्याला नुसतं ‘माजी’ म्हणत. माजींनी तिथे लिहून ठेवलं होतं, ‘येथे हात लावू नये.’

का लावू नये, ते लिहिलं नव्हतं.

“हा माणूस काहीतरी लपवतोय,” पडताळे बायकोला म्हणाले.

“अहो, तो माणूस तिथे आहे का तरी?”

“म्हणूनच! गेल्यावरसुद्धा लपवतोय.”

त्या ओळीच्या लगेच खाली एक अट होती. सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात वेळेचा नंबर नसेल, तर काहीही न करता गुपचूप परत फिरायचं. पडताळ्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. वेळेचा नंबर नसलेलं उत्तर येईलच कशाला? दवाखान्याचा सर्व्हर काय ख्यालीखुशाली विचारायला हाक मारणार आहे? कामाच्या ओळी जास्त दिसाव्यात म्हणून माजींनी केलेली ही भरती होती, यात त्यांना शंका उरली नाही. तरीही स्वभाव तो स्वभाव. त्यांनी माजींना फोन लावला.

“अरे वा, पडताळे! जरा गाडी चालवतोय. मी करतो तुम्हाला परत फोन.”

तो फोन काही आला नाही. न येण्याचा अर्थ पडताळ्यांच्या लेखी एकच होता. माणूस घाबरला. त्यांनी ती अट काढून टाकली आणि वर कव्हर घातलं. निरोपही जरा सुधारला. जुना निरोप कोरडा होता. नव्यात त्यांनी लिहिलं, ‘आपण मागितलेली वेळ पक्की झाली आहे. निश्चिंत या.’ ‘निश्चिंत या’ हे शब्द त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात कधी कोणी त्यांना म्हटले नव्हते. त्यामुळे ते लिहिताना त्यांना थोडं भरून आलं.

कव्हर घातल्याबरोबर प्रोग्रॅम बंद पडला.

झालं होतं असं, की निरोप पाठवणारं फंक्शन त्याच्या मूळ ऑब्जेक्टपासून, म्हणजे त्याच्या घरापासून, सोडवून त्यांनी सुटंच कव्हरमध्ये कोंबलं होतं. अशी फंक्शनं घरापासून दूर नेली की आपण कोणाचे हेच विसरतात आणि जागच्या जागी कोसळतात. ही चूक जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत शाळकरी समजली जाते. पण पडताळ्यांचा पहिला संशय टेस्टर मॅडमवर गेला. ते जेवायला गेले असताना मॅडमनी काहीतरी बदललं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या दिवसापासून ते डबा टेबलावरच, एका हाताने कीबोर्ड झाकून खाऊ लागले. दुसऱ्या दिवशी फंक्शनला त्याच्या ऑब्जेक्टशी पुन्हा बांधल्यावर सगळं सुरळीत झालं, पण मॅडमना संशयाचा फायदा काही मिळाला नाही.

मॅडम मात्र बिचाऱ्या सरळ होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“पडताळे, हा सर्व्हर हाक किती वेळा मारतो?”

“म्हणजे?”

“म्हणजे एका मागणीला एकदाच उत्तर देतो, की जास्त वेळा? खऱ्या सर्व्हरवर बघितलंत का?”

ह्या प्रश्नात काय डाव असावा, याचा पडताळ्यांनी घरी जाईपर्यंत विचार केला. खरा सर्व्हर दवाखान्याचा. तो वापरून बघायचा तर दवाखान्याची परवानगी हवी. पडताळ्यांनी फोन केला तर खालच्या मजल्यावरून त्यांना वरच्या मजल्यावर जोडण्यात आलं. वरच्या बाई म्हणाल्या, हे मशीन आमचं असलं तरी त्याचा पासवर्ड बसवून देणाऱ्यांकडे आहे. बसवून देणारे म्हणाले, पासवर्ड आमच्याकडे असला तरी सांगायचा अधिकार दवाखान्याचा. दोन्हीकडून माणसं अत्यंत गोड बोलली, आणि गोड बोलण्याची तर पडताळ्यांना धास्तीच होती. शेवटी त्यांनी तपासणीसाठी स्वतःच एक खोटा सर्व्हर लिहिला. वेळ मागितली की तो एकदाच, तत्काळ आणि आज्ञाधारकपणे ‘दिली’ म्हणायचा. प्रश्न पडताळ्यांचा, उत्तरही पडताळ्यांचं. परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले.

जगात कोणावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने एकाच सर्व्हरवर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि तो नेमका त्यांनी स्वतः रचलेला होता.

पण मॅडमचा प्रश्न डोक्यात राहिला होता. म्हणून संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून त्यांनी मॅडमना फोन केला. तिथे नेटवर्क चांगलं येतं. शेजारच्या बाल्कनीत वकीलकाका कुंडीला पाणी घालत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

“मॅडम, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रॉमिस एकदाच पुरं होतं. त्यानंतर तुम्ही कितीही हाका मारा, ते ढुंकून बघत नाही. चूंसुद्धा करत नाही… नाही, नाही, घरून काही अडचण नाही… हो, मोडायचं असेल तर तेही आधीच मोडायला हवं. नंतर मोडता येत नाही.”

फोन ठेवून ते वळले, तर दारात बायको उभी. पलीकडे वकीलकाकांच्या झारीतलं पाणी कुंडीतून ओसंडून खाली चाललं होतं.

“तोंडी आहे की लेखी?” वकीलकाकांनी हलक्या आवाजात विचारलं.

“काय?”

“वचन हो. लेखी असेल तर जपून. तोंडी असेल तर सरळ नाकबूल करा. वहिनींना मी समजावून सांगतो.”

“तुम्ही नका सांगू,” बायको म्हणाली. “ह्यांच्याच तोंडून ऐकते मी.”

मग पडताळ्यांनी लॅपटॉप उघडून तिला सगळा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून समजावला. ती शाळेत भूगोल शिकवत असे आणि कंटाळवाणी गोष्ट शांतपणे ऐकण्याची तिला सवय होती. शेवटी ती म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली. मला कधी ‘बघू’च्या पुढे शब्द दिला नाहीत. आणि इथे ओळीओळीला प्रॉमिस!” पण तिचा संशय फिटला. वकीलकाकांचा काही फिटला नाही. पुढचे काही दिवस ते पडताळ्यांकडे जिन्यात सहानुभूतीने बघत राहिले आणि पडताळे त्या सहानुभूतीमागे काय असेल ते शोधत राहिले.

शुक्रवारी नवा प्रोग्रॅम सुरू झाला आणि पहिल्या काही तासांतच चमत्कार झाल्यासारखं वाटलं. पूर्वी उत्तर यायला बराच वेळ लागायचा. आता बटण दाबलं की निरोप हजर. साहेबांनी येऊन पाठीवर थाप मारली. पडताळ्यांनी शर्टाच्या पाठीवर काही चिकटवलं तर नाही ना, ते हात फिरवून बघून घेतलं.

आणि त्याच दुपारी त्यांच्या सासऱ्यांची दाढ दुखायला लागली.

सासरे सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी बांधलेले रस्ते होते, पूल होते, एक पाण्याची टाकी होती. जावयाच्या नोकरीबद्दल त्यांची एकच तक्रार होती आणि ती ते दर भेटीत मांडत. “जावईबापू, पूल दिसतो. रस्ता दिसतो. तुमचं काम दिसत नाही कुठे.” पडताळे यावर दरवेळी कसंनुसं हसत.

गालावर हात धरून सासऱ्यांनी मोबाइलवर शनिवार सकाळची वेळ मागितली आणि हात खाली यायच्या आत निरोप आला. आपण मागितलेली वेळ पक्की झाली आहे. निश्चिंत या. त्यांनी लगेच मुलीला फोन केला.

“हे जावईबापूंनी केलंय ना? दिसलं बरं का! आज दिसलं.”

बायकोने हे सांगितलं तेव्हा पडताळ्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग म्हणाले, “टोमणा असेल.”

“टोमणा नव्हता हो.”

“आवाज कसा होता?”

“दाढ दुखत असल्यासारखा.”

शनिवारी सकाळी त्यांचा फोन वाजला. दवाखान्याच्या रिसेप्शनिस्ट बाई होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही या. लगेच या. आणि मागच्या दाराने या.”

मागच्या दाराने बोलावणाऱ्या माणसाचा हेतू शुद्ध नसतो, असा विचार करून पडताळे पुढच्या दाराने गेले. ती त्या दिवसाची पहिली चूक.

दवाखान्याच्या पायऱ्यांपासूनच माणसं होती. कोणाच्या गालाला रुमाल, कोणाच्या हातात बर्फाची पिशवी. आतल्या खुर्च्या भरल्या होत्या, खुर्च्यांचे हात भरले होते, खिडकीची कड भरली होती. शोभेच्या माशांच्या टाकीला टेकून एक बाई डोळे मिटून उभ्या होत्या. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलवर एकच निरोप. एकाच वेळेचा. निश्चिंत या.

आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, सुजलेल्या गालाने आणि ताठ मानेने, सासरे बसले होते. गर्दी नव्हती तेव्हापासून ते तिथे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, की ही जी झटपट वेळ मिळाली ना तुम्हाला, ती आमच्या जावईबापूंची करामत. माणसं वाढत गेली तसा आधी त्यांचा अभिमान वाढत गेला. एवढी माणसं एका कामावर येताना त्यांनी फक्त पुलाच्या उद्घाटनाला पाहिली होती. पण हळूहळू आवाज चढले. ‘माझी वेळ आहे’, ‘माझीपण तीच आहे’ सुरू झालं. तोपर्यंत शब्द परत घ्यायची वेळ निघून गेली होती.

पडताळे दारात दिसले मात्र, सासरे सवयीने बोलून गेले, “हे बघा, आलेच आमचे जावई!”

सगळ्या दुखऱ्या दाढा एकदम पडताळ्यांकडे वळल्या.

नेमका त्याच क्षणी खिशातला फोन वाजला. माजी होते.

“हां पडताळे, बोला. परत करतो म्हणालो होतो ना. काय काम होतं?”

“ती अट,” पडताळे म्हणाले. “वेळेचा नंबर नसेल तर परत फिरायचं, ती.”

“ती काढू नका हां! तो सर्व्हर दोनदा हाक मारतो. आधी नुसतं ‘मागणी मिळाली’ म्हणतो, नंतर सावकाश ‘दिली’ किंवा ‘नाही’ सांगतो. पहिलं उत्तर ऐकून सोडून द्यायचं असतं. हॅलो? पडताळे?”

आता पडताळ्यांना उलगडा झाला. प्रॉमिसने पहिलंच उत्तर झेललं होतं. ‘मागणी मिळाली’ म्हणजेच ‘वेळ पक्की’ समजून सगळ्यांना निरोप गेला होता आणि मागून आलेला खरा नकार त्याने नियमाप्रमाणे चूंसुद्धा न करता टाकून दिला होता. मॅडमनी विचारलेला प्रश्न हाच होता. अगदी हाच. त्यात कसलाही डाव नव्हता.

पळून जावं असं त्यांना वाटलं. दारही मागेच होतं. पण सासरे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी बांधलेला एखादा पूल पहिल्याच पावसात वाहून गेला असता तर ते जसे उभे राहिले असते, तसे ते आता खुर्चीतून उठून पडताळ्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“माझी चूक आहे,” पडताळे म्हणाले. आवाज फार बारीक निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. “माझ्या प्रोग्रॅमने तुम्हाला सगळ्यांना खोटी वेळ दिली. दवाखान्याची काही चूक नाही.”

गलका झाला. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मास्क खाली केला आणि शांतपणे सांगितलं, “आज वेळ कोणाचीच नाही. ज्याचं जास्त दुखतंय तो आधी. बाकीच्यांना दुपारी आणि उद्या बघू.” मग पडताळ्यांकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही ह्यांना मदत करा.”

रिसेप्शनिस्ट बाई स्वभावाने भाबड्या. त्या ज्याला विचारत तो म्हणे, ‘जीव जातोय हो’, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी येई. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचेच जीव जात होते. तेव्हा पडताळे पुढे झाले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या स्वभावाला योग्य काम मिळालं होतं.

“कुठली बाजू?” त्यांनी एका टाय लावलेल्या गृहस्थांना विचारलं.

“डावी. असह्य.”

पडताळे पुढे गेले, दोघातिघांशी बोलले आणि अचानक वळून म्हणाले, “कुठली म्हणालात?”

“उजवी. असह्य.”

टायवाले दुपारवर गेले. दुसरे एक जण कण्हत होते, पण कण्हण्यात च्युइंगगम चघळण्याचा ठेका होता. एक बाई ‘काही नाही, थांबते मी’ म्हणाल्या, पण ओठ न हलवता म्हणाल्या. त्यांना पडताळ्यांनी तडक आत पाठवलं. आत गेल्यावर कळलं, की त्या कितीतरी दिवस डाळीच्या पाण्यावर होत्या. ज्यांचं खरोखर दुखतं ती माणसं बहुधा कमीच बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं.

शेवटी ते सासऱ्यांपाशी आले.

“बाबा, तुमचं?”

“माझं काय, आहे जरासं. दुपारी येतो.”

पडताळ्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. गाल टम्म फुगला होता. कपाळावर घाम होता. जावयाने आपल्याच माणसाला पुढे काढलं असं कोणी म्हणू नये, म्हणून हा माणूस धडधडीत खोटं बोलत होता.

“तुम्ही आत चला.”

“सासरे ना तुमचे?” टायवाले गरजले. “वाटलंच! वशिला!”

सासरे त्यांच्याकडे वळले आणि त्यांनी मोठा आ केला. टायवाल्यांनी आत डोकावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “जा बाबा, तुम्ही जा,” ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची शोधून बसले.

मग पडताळे मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये लॅपटॉप उघडून बसले. त्यांनी टेस्टर मॅडमना फोन केला. सुट्टीचा दिवस असूनही त्यांनी उचलला.

“मॅडम, तुमचा प्रश्न बरोबर होता. सर्व्हर दोनदा हाक मारतो.”

“मग पहिली सोडून द्यायची आणि दुसरीवर प्रॉमिस पुरं करायचं,” मॅडम म्हणाल्या. “आणि दुसरी आलीच नाही तर? तीही सोय करून ठेवा. अमुक वेळ थांबून मोडायचं.” बोलण्यात ‘मी म्हटलं नव्हतं का’ असा सूर कुठेच नव्हता. पडताळ्यांनी तो फार शोधला. शेवटी नाद सोडून दिला आणि कामाला लागले. दवाखान्याचा पासवर्ड एव्हाना आपोआप सापडला होता.

ते काम चाललं असताना सासरे आतून आले. अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. ते शेजारच्या खोक्यावर बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पडताळ्यांकडे बोट केलं आणि म्हणाले, “हा… गाऽव… ओय.”

पडताळ्यांची बोटं थांबली. ऐकायला चूक झाली असेल म्हणून ते थांबले. सासरे पुन्हा, जास्त जोर लावून म्हणाले, “हा गाऽव ओय!”

गाढव! शेवटी आलंच ते, पडताळ्यांना वाटलं. आणि का येऊ नये? चारचौघांत ज्याचं कौतुक केलं त्याने सकाळच्या सकाळी असं तोंडघशी पाडलं, तर माणूस आणखी काय म्हणेल? त्यांनी मान खाली घातली आणि तो शब्द गिळून काम पुरं केलं. फोनवर मॅडम म्हणाल्या, “दोन्ही उत्तरं आली. पहिलं सोडलं, दुसरं धरलं. झालं!” तरी त्यांना आनंद झाला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत बायको न्यायला आली. सासऱ्यांची जीभ एव्हाना जागेवर येऊ लागली होती.

“बाबा, मघाशी मला म्हणालात ते योग्यच होतं,” पडताळे म्हणाले. “मी मनाला लावून घेतलं नाही.”

“काय म्हणालो मी?”

“गाढव.”

सासरे चकित झाले. “मी? अहो, त्या रिसेप्शनवरच्या बाईंनी मला चहा दिला होता. डॉक्टरीणबाईंनी गरम प्यायला मनाई केली, म्हणून तुमच्यापाशी ठेवला. ‘चहा गार होतोय’ म्हणत होतो मी. दोनदा सांगितलं.”

पडताळ्यांनी वळून पाहिलं. लॅपटॉपच्या मागे, खोक्याच्या कडेवर कप होता. वर बशी नीट झाकलेली होती. त्यांनी बशी काढली, कप उचलला आणि थंडगार, साय धरलेला तो चहा एका दमात पिऊन टाकला.

“छान गरम आहे अजून,” ते म्हणाले.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे अत्यंत संशयाने पाहिलं.